आदमची लेकरे आणि डार्विनचा पाठ

दहावीचा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ शिकवीत असताना एका मुस्लिम विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, हे खरे मानले तर हजरत आदमचे काय?” वर्ग हसला. हसणाऱ्यांत आपल्या बौद्ध घरांतली मुलेही होती. ते हसणे मला बोचले, म्हणून हा लेखनप्रपंच.

धम्मबांधवहो, आपण सृष्टीचा कर्ता ईश्वर मानीत नाही. त्यामुळे हा प्रश्न आपल्यापुरता मिटला, असे आपणांस वाटते. परंतु तो इतका सोपा नाही.

मुस्लिम विचारवंत या बाबतीत कधीच एका सुरात बोललेले नाहीत. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिझने प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात जगण्यासाठी चाललेल्या झगड्याचे वर्णन केले. (त्यावरून तोच पहिला डार्विन, असे काही जण म्हणतात. आपल्यातही बुद्धाने सारे विज्ञान आधीच सांगितले म्हणणारे काय कमी आहेत?) जमालुद्दीन अफगाणी हैदराबादेत असताना, 1881 च्या सुमारास, त्यांनी फारसीत डार्विनची टर उडविली: या हिशेबाने काही शतकांनी डासाचा हत्तीही व्हावा! पुढे तेच बरेच मवाळ झाले. उलट हुसेन अल-जिस्र यांनी 1888 मध्ये लिहिले की, पुरावा निर्विवाद ठरला तर धर्मवचनांचा अर्थ त्यास धरून लावता येईल. झाडे व जनावरे बदलली, हे मान्य करणारे पुष्कळ आहेत. गाडी अडते ती माणसापाशी.

घड्याळ आहे म्हणजे घडविणारा असलाच पाहिजे, हा युक्तिवाद जुनाच. अमेरिकेतील काही ख्रिस्ती मंडळींनी त्याला विज्ञानाचा अंगरखा चढविला. 2005 मध्ये पेन्सिल्वेनियातील डोव्हर खटल्यात न्यायालयाने, हे विज्ञान नव्हे, असा निकाल दिला. तोच माल तुर्कस्तानात हारुन याह्या या टोपणनावाने अदनान ओक्तार यांनी विकला. त्यांचा जाडजूड चित्रमय ग्रंथ 2007 मध्ये युरोपातील शाळांना फुकट धाडला गेला. त्यात किडा म्हणून छापलेल्या एका चित्रात मासेमारीचा गळ दिसत होता! 2017 मध्ये तुर्कस्तानने शालेय अभ्यासक्रमातून उत्क्रांती वगळली.

पण नुसते तिकडे बोट दाखवून चालणार नाही. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, असे सांगून डार्विनला खोटे ठरविले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना त्याविरुद्ध निवेदन काढावे लागले. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेलाच.

त्या मुलाचे वडील मला भेटायला आले. भांडायला नव्हे. म्हणाले, “सर, आमच्यात सगळे आदमची लेकरे, म्हणून सगळे बरोबरीचे. तुम्ही आदम काढला तर बरोबरी कशावर उभी करणार?”

मी गप्प झालो. आपल्याला जी निर्मितीकथा ऐकविली गेली, तिच्यात कोणी मुखातून जन्मला, कोणी पायांतून, आणि आपण तर त्या देहातही नव्हतो. म्हणून कर्ता नाही हे ऐकताच आपला श्वास मोकळा होतो. त्यांच्या कथेत कर्त्यानेच सर्वांना एका मातीतून केले. (मुसलमानांतही जाती आहेत, तो भाग निराळा.) शिवाय डार्विनचे नाव घेऊन गोऱ्यांनी काळ्यांना खालच्या पायरीवर बसविले, हाही इतिहासच आहे.

मग मी त्यांना बाबासाहेबांचा विचार सांगितला. 1936 च्या ‘जातिनिर्मूलना’त ते मान्य करतात की माणसे सर्व बाबतींत समान नसतीलही, तरी समतेनेच वागविणे भाग आहे. म्हणजे समता मातीत सापडत नाही आणि माकडातही नाही. ती माणसांनी पत्करायची असते. “पत्करलीच नाही तर?” त्यांनी विचारले. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनी ज्याला हाक मारावी असा कोणीतरी आहे, मला मात्र शेजाऱ्यालाच हाक मारावी लागते, एवढेच मी बोललो.

चहा झाला. जाताना ते म्हणाले, “परीक्षेत पुस्तकातले लिहू दे. बाकीचे आम्ही घरी बोलू.” दुसऱ्या दिवशी हसणाऱ्या मुलांना मी उभे केले आणि माणसाला शेपटीचे हाड का असते ते विचारले. एकालाही सांगता आले नाही. उत्तर त्या मुलानेच दिले.