एसाव धावत आला

लाडक्या भाचीस,



तुझं पत्र सोमवारी मिळालं. दोनदा वाचलं आणि मग बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. "लग्नात तुला सगळं दिलं, आता घरात तुझं काय?" असं दादा चार नातेवाइकांसमोर म्हणाला, आणि त्या दिवसापासून सात महिने तुमचं बोलणं बंद. शेवटी तू विचारलंयस, "आत्या, ख्रिस्ती आहे म्हणून मी हिस्सा सोडून द्यायला हवा का?"

नको सोडूस. आपल्या लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. आईबाप दोघंही गेलेले आणि मृत्युपत्र नाही, अशा वेळी मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा मिळतो. कायदा बाजूला ठेवलास तरी गणना पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय उघड. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या दाराशी मोशेपुढे आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी बापाचं वतन मागितलं. मोशेने त्यांचं गाऱ्हाणं परमेश्वरापुढे नेलं, आणि परमेश्वराने मुलींचं म्हणणं बरोबर ठरवलं. त्यांना भाऊ नव्हता, तुला आहे, एवढा फरक. पण हक्काचं मागणाऱ्या मुलीला देवाने गप्प बसवलं नाही, हे मी तुझ्या वयाची असताना मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तुला सांगते.

तेव्हा हिस्सा माग. मला बोलायचंय ते अबोल्याविषयी.

तुझे बाबा आणि मी सहा वर्षं बोलत नव्हतो. तू लहान होतीस, तुला फक्त आत्या येत नाही एवढंच कळत असेल. आई गेली त्या दिवशी, कबरस्थानातून परत आल्यावर, चहाचे कप हातात घेऊन बसलेल्या माणसांसमोर मी त्याला म्हणाले, की आईच्या चारही बांगड्या तू विकून खाल्ल्यास. तो उठून मागच्या दाराने निघून गेला. चार वर्षांनी आईची ट्रंक माझ्याकडे आली. तिच्या तळाशी, जुन्या उपासना संगीताच्या पानांत दवाखान्याचं बिल आणि सराफाची पावती एकत्र घडी घालून ठेवलेली होती. तारखा लागोपाठच्या. बांगड्या आईच्या ऑपरेशनला गेल्या होत्या, आणि आईनेच त्याला कुणाला सांगू नकोस म्हटलं असणार.

हे कळल्यावर मी त्याच्याकडे गेले नाही. दोन वर्षं गेले नाही.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. ते नीट वाच. तिथे आपल्या मनात राग असला तर जा, असं म्हटलेलं नाही. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर जायचं आहे. म्हणजे ते वचन माझ्यासाठी होतं. दर प्रभुभोजनाच्या रविवारी डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर तो बसलेला दिसायचा. मी भाकर घ्यायचे, खाली बघून परत यायचे. शेवटी शेवटी तर मी त्या रविवारी अंगात कणकण आहे म्हणून घरीच राहू लागले. माझी लाज रागासारखी दिसायची, आणि मीही तिला रागच म्हणायचे.

तो आला. नाताळाच्या आदल्या शनिवारी, भर दुपारी. मी करंज्या तळत होते. दारात चप्पल काढत म्हणाला, "ताई, आजीची गोधडी आहे का गं तुझ्याकडे अजून?" एवढंच.

त्या गोधडीची गोष्ट तुला माहीत नसेल. आमची आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, १९०० च्या दुष्काळात तिथे आलेली. आम्ही दोघं गोधडीवरून ओढाओढ करायला लागलो, की ती रात्रीची प्रार्थना थांबवून पंडिता रमाबाईंचं सांगायची. १८७४ च्या सुमारास आईवडील उपासमारीने गेले, मग थोरली बहीण गेली. उरलेले दोघं, रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवासशास्त्री, देशभर पायी हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीच्या रात्री पांघरायला काही नव्हतं, म्हणून वाळूत दोन खड्डे खणून दोघं त्यांत निजले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. "त्यांच्यात वाटायला गोधडीच नव्हती," आजी म्हणायची, आणि आमची दोघांवर सारखी पांघरायची. १८८० मध्ये श्रीनिवासशास्त्री ढाक्याला वारले. आजारपणात त्यांना काळजी होती ती बहीण एकटी पडेल याची. रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्यानंतर तीन वर्षांनी. मुक्तीत हजारो पोरक्या मुली सांभाळताना त्यांना तो भाऊ किती वेळा आठवला असेल, हा विचार मी पुष्कळदा करते.

तर तुझे बाबा आले. ज्याच्यावर अन्याय झाला तो आला. उत्पत्तीचा तेहतिसावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत होते, पण त्या दुपारी तो मला पहिल्यांदा कळला. आपण नेहमी याकोबाच्या बाजूने वाचतो. वीस वर्षांनी तो परततोय, पुढून एसाव ४०० माणसं घेऊन येतोय असं कळलंय, आणि घाबरून तो भेटी पाठवतो: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, उंटिणी, गाई, गाढवं, साडेपाचशेच्या वर जनावरं, कळपाकळपांत अंतर ठेवून. अपराधी माणूस असाच हिशेब मांडतो. मीही मनात मांडत होते, नाताळाला त्याच्या मुलांना कपडे पाठवावेत का म्हणून. आणि एसाव? त्याचा आशीर्वाद याकोबाने फसवून नेला होता, म्हाताऱ्या आंधळ्या बापापुढे तो हंबरडा फोडून रडला, भावाला मारून टाकायचं त्याने ठरवलं होतं. तोच धावत येतो, गळ्यात पडतो, दोघं रडतात. आदल्या रात्री पनीएलला देवाचं मुख पाहिलेला याकोब सकाळी लंगडत येऊन भावाला सांगतो, की तुझं तोंड पाहणं देवाचं मुख पाहण्यासारखं आहे.

तुझ्या गोष्टीत तू एसाव आहेस. म्हणून हे तुला लिहिते, दादाला नाही. त्याला त्याचं बोलणं बोचत असेल. तो भेटी जुळवत बसला असेल, किंवा माझ्यासारखा रागाचं सोंग घेऊन.

आणखी एक, हे आपल्याकडे प्रवचनात फारसं सांगत नाहीत. त्या मिठीनंतर एसाव म्हणाला, चल बरोबर जाऊ. याकोब म्हणाला, मी मागून सेईरला येतो. आणि गेला सुक्कोथला. दोघं एकत्र राहिले नाहीत. कदाचित याकोबाची भीती पुरती गेली नसावी. तुमचंही तसंच होईल. तू पुण्यात राहशील, तो इथे, घराची वाटणी वकिलाकडे कागदावर होईल, वहिनी थोडे दिवस तोंड फिरवील. ते चालेल. फोन कर, पण कागदाचं पहिल्या फोनवर काढू नकोस. जेवलास का, एवढं विचार.

पुढे पस्तिसाव्या अध्यायात इसहाक वारतो. त्याला पुरायला त्याचे दोघं मुलगे येतात, आणि शास्त्रात तिथे एसावाचं नाव आधी घेतलंय.

तुझ्या बाबांच्या कबरेवर अजून दगड बसलेला नाही. अक्षरं कोरणारा परवा येऊन विचारून गेला, खाली कुणाकुणाची नावं घालायची. दोघांना विचारून पुनरुत्थानाच्या रविवारच्या आत सांगते, असं मी त्याला म्हटलंय.

तुझी,
आत्या