जुन्या गीताची दुरुस्ती

कलावंतानें बदलावें कीं नाहीं, याविषयीं फारसा वाद संभवत नाहीं. जो बदलत नाहीं तो कालांतरानें आपलीच नक्कल करूं लागतो. खरा वाद याच्या पुढचा आहे. पुढें गेलेल्या कलावंतास मागें वळून आपल्या जुन्या कृतीचा अर्थ पालटण्याचा अधिकार आहे काय? विजेच्या वाद्यांवर लोकप्रिय गीतें रचणाऱ्या ‘क्राफ्टवेर्क’ या जर्मन वृंदाच्या इतिहासांत हा प्रश्न ठसठशीतपणें पुढें येतो.

राल्फ ह्युटर आणि फ्लोरिआन श्नायडर यांनीं हा वृंद १९७० सालीं ड्युसेलडॉर्फ येथें काढला. नांवाचा अर्थ ‘वीजघर’. पण त्या वर्षींच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत श्नायडरची बांसरी व हातांनीं वाजविलेले ढोल ऐकूं येतात. १९७४ च्या ‘आउटोबान’ मध्यें मोटारींच्या हमरस्त्यावरील प्रवास २२ मिनिटांहून अधिक काळ मुख्यतः सिंथेसायझरवर रंगविला आहे; तरी त्याच तबकडीच्या शेवटीं, प्रभातकाळच्या फेरफटक्याच्या रचनेंत, बांसरी पुन्हां डोकावते. पुढें ती गेलीच. १९७८ पर्यंत ताल यंत्राचा आणि कंठहि यंत्रांतून गाळून आलेला. यांत्रिक म्हणून कोणी नाक मुरडील. पण १९४० सालीं नभोवाणीनें पेटीवरहि बंदी घातली होती, आणि आज तिच्यावांचून मैफल सुनी वाटते. वाद्य टाकणें किंवा घेणें हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न आहे. त्यांत नीतीचा संबंध नाहीं.

तो संबंध १९७५ च्या एका गीतांत येतो. ‘रेडिओ-ॲक्टिव्हिटी’ या नांवांतच श्लेष आहे: एक अर्थ नभोवाणीचा, दुसरा किरणोत्सर्गाचा. तारायंत्राचे कडकट्ट, मादाम क्यूरींचा उल्लेख, आणि भावनाशून्य स्वर. ही स्तुति कीं भीति, हें ऐकणाऱ्यास कळत नाहीं. १९८६ सालीं चेर्नोबिलचा अपघात झाला. १९९१ मध्यें वृंदानें आपलीं जुनीं गीतें नव्या यंत्रसामग्रीवर पुन्हां बांधलीं, तेव्हां या गीतांत चेर्नोबिल, हॅरिसबर्ग, सेलाफील्ड, हिरोशिमा हीं नांवें आलीं, आणि किरणोत्सर्ग थांबविण्याची स्पष्ट आज्ञा आली. २०१२ सालीं टोकियोजवळील अणुशक्तिविरोधी मैफलींत फुकुशिमाचें नांव व जपानी शब्द त्यांत मिळाले.

कलेच्या दृष्टीनें मला पहिलाच पाठ सरस वाटतो. त्यांतील संदिग्धता श्रोत्यास विचारांत पाडी. दुसरा पाठ त्याला केवळ सांगतो. परंतु चेर्नोबिलनंतर, भरलेल्या सभागृहासमोर, तेच तटस्थ शब्द तशाच तटस्थपणें म्हणणें हें तटस्थ राहिलें असतें काय? शब्द तेच राहिले तरी त्यांच्या भोंवतालचें जग हललें होतें, आणि न बदलणें हीहि एक बाजू घेणेंच झालें असतें. शिवाय १९७५ ची तबकडी त्यांनीं मागें घेतली नाहीं. जमाखर्चाच्या वहींत चुकलेला आंकडा खरवडून काढणें हा अपराध; खालीं दुरुस्तीची नोंद करणें हा रीतीचा मार्ग. येथें दोन्ही आंकडे दिसतात, आणि कोणता केव्हांचा तेंहि दिसतें.

म्हणूनच याच वृंदाची दुसरी एक गोष्ट मला खटकते. २००९ सालीं त्यांनीं आपल्या ध्वनिमुद्रिकांचा संच काढला, त्यांत आठच आहेत आणि आरंभ ‘आउटोबान’ पासून आहे. २०१२ मध्यें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत आठ रात्रीं आठ मुद्रिका सादर झाल्या, त्याहि ह्याच. त्यांपूर्वीच्या तीन जणूं झाल्याच नाहींत. अपक्व लेखन दडविण्याचा अधिकार लेखकाला असतो, असें कोणी म्हणेल. मीहि माझ्या तरुणपणींचीं कांहीं पानें कोणास दाखवीत नाहीं. पण तीं छापलेलीं नव्हतीं. ज्यांनीं एका गीताची दुरुस्ती चारचौघांदेखत केली, त्यांनीं स्वतःच्या आरंभाचीं पानें मात्र फाडावीं, हें मला समजत नाहीं. श्नायडर २०२० सालीं वारला. त्याची ती पहिली बांसरी ज्यांना मूळ तबकडीवर ऐकावयाची आहे, त्यांना अजून जुन्या तबकड्यांचीं दुकानें धुंडाळावीं लागतात.