पंच नसलेलं मैदान

अल्टिमेट फ्रिस्बी हा तबकडीचा खेळ १९६८ साली न्यू जर्सीतल्या कोलंबिया हायस्कूलमध्ये जन्मला. १९७२ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. यात सहसा पंच नसतो; झेल घेताना धक्का लागला, तर खेळाडू स्वतःच फाउल पुकारतो. समोरच्याला ते अमान्य असेल, तर तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाते.

खेळाडूचं कॉलेज बदललं तरी नियम तेच राहतात, पण रीत बदलते. एका संघाचा कर्णधार आपल्याच खेळाडूला विचारतो, "नीट आठव, धक्का लागला होता का?" दुसऱ्या संघात सगळे आधी आपल्या माणसाची बाजू घेतात.

मग प्रामाणिकपणा खेळाडूचा की संघाचा?

ॲरिस्टॉटलच्या मते सद्गुण सवयीने अंगी बाणतात. सवय संगतीने लागते, हे खरंच. पण नव्या संघाच्या गलक्यात "हो, धक्का माझाच लागला" असं कबूल करणारा खेळाडू शेजारी उभ्या नवख्यांना वेगळी संगत देत असतो.