लंगोटाचा सच्चा

मे महिना, अकोला, जठारपेठेतली माडीवरची खोली. कूलर घरघरतोय. सतरंजीवर चार पोट्टे आणि मधोमध वीस बाजूंचा फासा. माझ्या भाच्याचा पॅलाडिन सरायवाल्याच्या पोरीच्या प्रेमात पडला होता. खेळ चालवणाऱ्या मित्राने निकाल दिला: व्रत मोडलं, दैवी शक्ती गेली. भाच्याने माझ्याकडे दाद मागितली. "आवडली त आवडली, मामा. खोटं त नाही ना बोलला थो?"

पॅलाडिन म्हणजे देवाच्या नावाने तलवार धरणारा वीर. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात तो आला १९७५ सालच्या 'ग्रेहॉक' पुरवणीतून. सुरुवातीचे नियम कडक. सज्जनपणा सुटला की शक्ती गेली. २०१४च्या आवृत्तीत त्याला शपथ निवडायची मुभा मिळाली. खोटं बोलू नये, भिऊ नये, दुबळ्याला राखावं. प्रेमात पडू नये, असं त्या शपथांत मला कुठे दिसलं नाही. ते कलम मित्राने पदरचं घातलं होतं. म्हणजे आमच्याच मातीतलं.

या मातीत पैलवानाची तारीफ ताकदीवर संपत नाही. तो लंगोटाचा सच्चा आहे का, हे आधी विचारतात. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. तिथे काय आणि गल्लीतल्या आखाड्यात काय, दैवत एकच, बजरंगबली. त्याला नमस्कार करून मातीत उतरणाऱ्या किती जणांना आठवत असेल, की हा ब्रह्मचारी समुद्र ओलांडून गेला तो दुसऱ्याच्या विरहाची अंगठी घेऊन?

आणि लंकेत त्याने काय केलं? वाल्मीकींच्या सुंदरकांडात तो रात्री रावणाच्या अंतःपुरात शिरतो. झोपलेल्या स्त्रिया, सुटलेले केस, विस्कटलेली वस्त्रं. एकेकीचा चेहरा पाहत तो पुढे जातो, आणि मध्येच थबकतो. परस्त्रियांना असं निजलेलं पाहिलं, आपला धर्म बुडाला की काय? मग स्वतःच उत्तर शोधतो: मन हललं नाही. शिवाय हरवलेली बाई शोधायची ती बायकांतच, हरणांच्या कळपात थोडीच? हा दुसरा मुद्दा मला फार आवडतो. एवढ्या मोठ्या धर्मसंकटात इतका व्यवहारी विचार! वरून फासा टाकणारा कोणी नाही. आरोपी तोच, न्यायाधीशही तोच.

पंथ चालवायचा तर मात्र प्रत्येकाला हनुमान धरून चालत नाही. महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी आपल्या भिक्षूंना बजावलं की बाई चित्रातली असली तरी पाहू नये. ऐकायला हे टोकाचं वाटतं. पण ज्याला चित्राची ताकद कळते, तोच असा नियम घालतो.

त्या नियमाचं पुढे काय झालं, ते बघा. महानुभावांच्या भास्करभट्ट बोरीकरांनी 'शिशुपाळवध' रचला. नाव वधाचं, पण कवी रमला तो कृष्ण-रुक्मिणीच्या शृंगारात. गुरुबंधूने ऐकून अभिप्राय दिला, असं सांगतात: ग्रंथ उत्तम झाला, पण संसार सोडलेल्यांच्या कामाचा नाही. भास्करभट्टांनी वाद घातला नाही. दुसरा ग्रंथ लिहिला, 'उद्धवगीता', सगळा वैराग्याचा. इथवर गोष्ट शिस्तीची. पण पंथाने आपले मानाचे सात ग्रंथ मोजले, तेव्हा दोन्ही धरले. शिवाय नरेंद्राचं 'रुक्मिणीस्वयंवर'ही. भिंतीवरची बाई वर्ज्य आणि पोथीतली पूज्य. याला मी ढोंग म्हणणार नाही. ज्यांनी घर सोडलं, त्यांनी घराची गोष्ट तेवढी बरोबर नेली.

मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे या पंथाचं मोठं ठिकाण. तिथे चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांना लग्नाची हौस आली, खेळातल्या लग्नाची. वऱ्हाडाला गाणी हवीत. ती गायली महदंबेने. बालविधवा, संसार सोडून आलेली, आणि शंका विचारून चक्रधरांना भंडावणारी. तिचे धवळे कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे. मराठीची आद्य कवयित्री जिला म्हणतो, तिने संन्याशांच्या घरी बसून लग्नाची गाणी रचली. कोणी तिची शक्ती काढून घेतल्याचं ऐकिवात नाही.

रुक्मिणी तर इथलीच, तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी असलेल्या कौंडण्यपूरची. आषाढीला तिची पालखी अजून पंढरपूरला जाते, माहेराहून. लग्नाच्या आदल्या दिवशी ती अंबादेवीच्या दर्शनाला आली आणि तिथूनच कृष्णाने तिला रथात घेतलं. ते देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, असं आमच्याकडे लहान पोरही सांगतं. ठरलेलं लग्न मोडलं, भावाचा शब्द मोडला, ज्या दारातून ती पळाली तिथे आज नवऱ्याच्या आयुष्यासाठी ओट्या भरल्या जातात. आपल्या घरची पोर रात्री अकराला आली तर मात्र अंबादेवीही आठवत नाही.

हे सगळं मी पोट्ट्यांना सांगितलं. इतकं नीट नाही, कूलरवर आवाज चढवून. मित्र मोठा चिवट. "पण मामा, कृष्ण काही पॅलाडिन नव्हता. त्यानं कुठं शपथ घेतली होती?"

बरोबर होतं त्याचं. म्हटलं, कृष्णाचं सोड. पत्र कोणी पाठवलं होतं? रुक्मिणीने. ये आणि मला घेऊन जा, हे तिने कळवलं, मग रथ निघाला. तुमच्या सरायवाल्याच्या पोरीला कोणी विचारलं का? तिला हा तुमचा वीर पसंत आहे का? तिचंही काही व्रत असेल.

चौघे एकमेकांकडे बघायला लागले.

"काय नाव तिचं?" मी विचारलं.

मित्राने वही उलटसुलट केली. नकाशे होते, राक्षस होते, कोणत्या तलवारीने किती घाव बसतो त्याचा तक्ता होता. "नावच नाही ठेवलं ना मामा," तो म्हणाला आणि पेन्सिल शोधायला लागला.