उंबरठा आणि पिल्लू

कुत्र्याच्या पिल्लास घराबाहेर केव्हा सोडावे, ह्याचे उत्तर पशुवैद्याने द्यावे. त्यासाठी मासिकाची पाने कशाला खर्ची घालावी, अशी शंका काही वाचकांस येणे साहजिक आहे. परंतु ज्या घरात पिल्लू आले आहे तेथील संभाषण ज्यांनी ऐकले असेल त्यांस ठाऊक आहे की, ह्या प्रश्नावर जो वाद होतो तो वैद्यकाच्या मुद्द्यावर क्वचितच होतो. आजोबा म्हणतात, दोरी सोडू नका. नातवंडे म्हणतात, बिचारे रडते आहे, सोडा. आणि जिला फरशी पुसावी लागते त्या गृहिणीचे मत निराळेच असते. भाषा मात्र तिघांचीही पिल्लाच्या हिताची. दुर्बळाच्या हितासाठी त्यास कोंडण्याचा अधिकार सबळास कोठवर पोहोचतो, आणि तो अधिकार संपला हे ठरवावयाचे कोणी, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्नच तेथे चार पायांवर उभा असतो.

जॉन स्टुअर्ट मिल ह्याने 1859 साली प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात ह्या प्रश्नाची वाट आरंभीच बंद करून टाकली आहे. आपले तत्त्व ज्यांच्या शक्ती परिपक्व झाल्या आहेत त्यांच्यापुरते आहे, बालकांस ते लागू नाही, असे तो सांगतो. हे कोणीही मान्य करील. अडचण पुढेच आहे. परिपक्वता येईपर्यंत स्वातंत्र्य रोखावयाचे, आणि ती परिपक्वता तर मोकळ्या जागेत वावरल्यावाचून येत नाही, असे जर असेल तर पालकाने काय करावे? मनुष्याच्या मुलाच्या बाबतीत हा पेच वीस वर्षांवर पसरलेला असल्यामुळे अंधुक दिसतो. पिल्लाच्या बाबतीत तो चार महिन्यांत आटोपतो. म्हणून तो तेथे पाहणे सोयीचे.

जालन्याकडे हा प्रश्न ऋतूबरोबर येतो. भाद्रपद महिना आणि कुत्री ह्यांचा संबंध आपल्या बोलण्यात इतका रूढ आहे की त्याचे स्पष्टीकरण नको. गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा. तेव्हा कार्तिक-मार्गशीर्षात, शिवारात कापसाची वेचणी चालू असता, गल्लोगल्ली कुत्र्या वितात. मोंढ्यातील ओट्याखाली, कुंडलिकेच्या काठच्या पडक्या भिंतीआड, एखाद्या नव्या बांधकामाच्या वाळूत चार-सहा पिल्ले एकमेकांच्या उबेला पडलेली आढळतात. दहा ते चौदा दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात, कान त्यानंतर थोड्याच दिवसांनी. तिसऱ्या आठवड्यात ती झोकांड्या खात उभी राहतात. संक्रांतीच्या सुमारास ती रस्त्याच्या कडेला असतात, आणि जालना हे लोखंडी सळयांचे गाव असल्यामुळे त्या रस्त्याने काय धावते हे सांगावयास नको. त्याच दिवसांत, त्याच गावातील एखाद्या बंगल्यात, पैसे देऊन आणलेले लॅब्राडॉर जातीचे पिल्लू गच्चीवरील खोलीत कोंडलेले असते. एकास सारे जग मोकळे, दुसऱ्यास एक खोली. ह्यांपैकी एकाशीही न्यायाने वागले जात आहे असे मला वाटत नाही.

बंगल्यातील पिल्लाचा विचार आधी करू. त्याच्या मालकास हसणे सोपे आहे, परंतु त्याची भीती खोटी नाही. पार्व्हो नावाचा विषाणू 1978 च्या सुमारास प्रथम ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. तो पिल्लाच्या आतड्यांवर घाला घालतो. ओकाऱ्या व रक्ती हगवण लागून धडधाकट पिल्लू दोन-चार दिवसांत दगावते. आणि मातीत तो महिनोन्महिने टिकून राहतो. लस आहे, परंतु आईच्या पहिल्या दुधातून पिल्लास जे संरक्षण मिळालेले असते तेच काही काळ लशीस निष्प्रभ करते, आणि ते केव्हा ओसरेल हे पिल्लागणिक वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते. मालक हिशेब करतो की सोळा आठवडे होईतो दार बंद ठेवावे. त्यात त्यास तोटा काहीच दिसत नाही. झालाच तर पिल्लाचा थोडा हिरमोड, तो पुढे भरून काढता येईल.

ह्या हिशेबातील चूक दाखविणारे संशोधन गेल्या शतकाच्या मध्यास झाले. अमेरिकेत मेन प्रांतातील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर ह्यांनी कुत्र्यांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ 1965 साली निघाला. सामान्यतः तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, हुंगते, ज्याच्याशी खेळते ते त्यास आपले वाटू लागते. पुढे अपरिचिताचे भय वाढत जाते व मन मिटू लागते, असा त्यांच्या निष्कर्षाचा सारांश सांगता येईल. 1961 साली प्रसिद्ध झालेल्या तेथील एका प्रयोगात काही पिल्लांस उंच कुंपणाच्या आवारात, माणसाचा सहवास न लाभू देता, वाढविले होते. ज्यांस चौदाव्या आठवड्यापर्यंत तो सहवास मिळाला नाही त्यांस पुढे माणसाळविणे अतिशय कठीण होऊन बसले. आता दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावे. मनाचे दार बाराव्या-चौदाव्या आठवड्यास लोटले जाते, आणि मालक घराचे दार उघडतो सोळाव्या आठवड्यास! मग ते पिल्लू फटाक्यास भिते, सायकलीस भिते, फेटा बांधून आलेल्या पाहुण्यास भिते, भीतीपोटी चावते, आणि चावरे ठरून जन्मभर साखळीस जाते. अमेरिकेतील पशुवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या संस्थेने 2008 साली असे जाहीर केले की, तीन वर्षांखालील कुत्र्यांच्या मृत्यूचे पहिले कारण संसर्गजन्य रोग हे नसून वर्तनातील दोष हे आहे. अशी कुत्री टाकून दिली जातात व मारली जातात. म्हणून पहिली लस टोचल्यावर एक आठवड्याने, सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच पिल्लास जगाची ओळख करून द्यावी, असा सल्ला त्या संस्थेने दिला.

थांबणे म्हणजे काही न करणे, आणि काही न करणारा निर्दोष, ही समजूत आपल्या मध्यमवर्गीय नीतीत फार खोल रुजलेली आहे. पिल्लू बाहेर नेले व आजारी पडले तर आपण स्वतःस क्षमा करीत नाही. कोंडून ठेवले व ते भित्रे झाले तर ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून मोकळे होतो. दोन्ही ठिकाणी कृती आपलीच; फरक इतकाच की एका ठिकाणी परिणाम आठ दिवसांत दिसतो, दुसऱ्या ठिकाणी वर्षाने.

कोंडण्याने भय वाढते इतकेच नव्हे. जेथे भय हवे तेथेही ते उमजेनासे होते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक व त्यांचे सहकारी ह्यांनी स्कॉटिश टेरिअर जातीची काही पिल्ले दूध तुटल्यापासून जवळजवळ प्रौढ होईपर्यंत एकेकटी बंद पिंजऱ्यात वाढविली. 1957 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात असे आहे की, बाहेर काढल्यावर ही कुत्री पेटत्या काडीस नाक लावीत, भाजले तरी पुन्हा लावीत. ज्यास कधी ठेच लागलेली नाही त्यास दुखणे म्हणजे काय हेही शिकता आले नाही. (कोंडणे वाईट हे मनुष्यास कळावे म्हणून ह्या मुक्या प्राण्यांस कोंडावे लागले, ह्या पुण्याचा जमाखर्च कोणत्या वहीत मांडावा हे मला सुचत नाही.)

ह्याचा अर्थ आठ आठवड्यांचे पिल्लू आठवडी बाजारात सोडून द्यावे असा मुळीच नाही. परदेशी सल्ला आपल्याकडे डोळे झाकून चालत नाही. जेथे गल्लीतील बहुतेक कुत्र्यांस लस ठाऊक नाही तेथील माती निराळी. शिवाय पिसाळण्याची लस सामान्यतः तीन महिन्यांनंतर टोचतात, तोवर अनोळखी जनावराचा दात लागू देणे म्हणजे घरातील मुलांचा जीव पणास लावणे होय. पण जमिनीवर पाय न टेकविता जग पाहता येते. लहान मुलास आपण कडेवर घेऊन पाऊस दाखवितो तसे पिल्लास कडेवर घेऊन मोंढ्यातील हमाली, देवळातील घंटा, शाळा सुटतानाचा गलका दाखविता येतो. घरात फरशी आहे, अंगणात खडी आहे, गोणपाट आहे, पायरी आहे. चौथ्या आठवड्याच्या पिल्लास एवढे भूगोलज्ञान पुरे. ज्यास लस टोचली आहे असे शेजाऱ्याचे कुत्रे असले तर ते त्याचे पहिले गुरू.

घरातल्या घरात जागा वाढविण्याचा प्रश्न ह्याहून अवघड आहे, कारण तेथे पिल्लास धोका कमी आणि आपल्या सामानास अधिक. एक खोली अंगवळणी पडण्याआधीच सबंध घर मोकळे केले की पिल्लू कोपऱ्यात घाण करते, विजेची तार चावते, चपला कुरतडते. आणि मग त्यास मार बसतो. महाभारताच्या आदिपर्वात ह्या अन्यायाची एक विलक्षण कथा आहे. जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्री सत्र करीत असता देवशुनी सरमेचे पिल्लू तेथे आले, आणि भावांनी त्यास मारले. ते रडत आईकडे गेले. मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, चाटलेही नाही, असे त्याने सांगितले. सरमेने येऊन कारण विचारले, तेव्हा त्या राजपुत्रांपाशी उत्तर नव्हते. तिने शाप दिला तो असा की, तुम्हांस अदृष्ट भय प्राप्त होईल. शापाचे हे स्वरूप विचार करण्याजोगे आहे. निष्कारण मार खाल्लेल्या पिल्लाच्या वाट्यास नेमके हेच येते. कोठून, कशासाठी हे न कळणारे भय. सरमेने ते मारणाराकडे परत केले, एवढेच. आपल्या घरातील पिल्लाने तर चाटलेलेही असते, हे मान्य. पण ज्याने जागा दिली आणि पाठ फिरविली, त्या जागेत झालेला अपराध त्याच्या नावावर पडतो. ह्यावरून मला एक माप सुचते. आपले लक्ष जेवढ्या जागेवर पुरते तेवढी जागा पिल्लास द्यावी. वयाचे कोष्टक त्यानंतर.

आणि ती वाढवावी केव्हा? पिल्लू धीट झाले म्हणजे, असे बहुतेक जण म्हणतील. मला हे लक्षण फसवे वाटते. मॅकगिलची ती कुत्री विस्तवापुढे धीटच होती. भांडे पडले की पिल्लू दचकते, मागे सरते, आपल्या पायाशी येते, क्षणभर थांबते, आणि पुन्हा त्या भांड्याकडे हुंगावयास जाते. ही येरझार दिसू लागली की पुढची खोली उघडण्यास हरकत नाही. दचकून जे कोपऱ्यात जाऊन बसते व निघत नाही, त्यास जागा अधिक झाली. जे हाक मारली तरी वळून पाहत नाही त्यासही अधिकच झाली. कांटने 1784 सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात पालक म्हणविणारांची अशी थट्टा केली आहे की, ते आपल्या गुरांस पांगुळगाड्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, आणि एकट्याने चालण्यातील धोके मात्र रंगवून सांगतात. वस्तुतः दोन-चारदा पडले की चालता येते. कांटचे म्हणणे खरे; पण पडल्यावर उठून कोठे यावयाचे हे ठिकाण असावे लागते.

पालकाच्या पंचांगात सुटकेचा मुहूर्त सहसा नसतो, हेही येथे कबूल केले पाहिजे. आमच्याच जिल्ह्यातील जांबच्या नारायणाने बाराव्या वर्षी ‘सावधान’ हा शब्द ऐकताच बोहल्यावरून पळ काढला, अशी समर्थांची कथा परंपरेने सांगतात. त्याने आपला मुहूर्त आपणच काढला. पिल्लास ती सोय नाही. त्याच्या वतीने मुहूर्त काढणारा तोच, ज्याची गैरसोय व्हावयाची आहे. म्हणून दोरी बांधताना निदान मनाशी तरी खरे बोलावे. पार्व्होसाठी बांधली असेल तर ती लशीबरोबर सैल झाली पाहिजे. सहा महिन्यांनीही ती तितकीच आखूड असेल, तर ती फरशीसाठी बांधलेली होती.

आता गल्लीतील पिल्लू. त्यास पाहून, हे खरे मोकळे, असे कौतुकाने म्हणणारे लोक भेटतात. कोलकात्याजवळच्या विज्ञानसंस्थेतील अनिंदिता भद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधील रस्त्यावरच्या 364 पिल्लांचा माग ठेवला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार वयाच्या सातव्या महिन्यापर्यंत त्यांतील सुमारे 19 टक्केच जगली, आणि मृत्यूंपैकी 63 टक्क्यांस मनुष्याचा हात कारण होता. वाहन, मारहाण, विष, उचलून नेणे. जालन्याचे आकडे निराळे असतील, पण संक्रांतीला मोजलेली पिल्ले होळीला किती उरतात हे गल्लीतील मुले सांगू शकतात. ज्यावर कोणाचेच लक्ष नाही अशा जागेस आपण मोकळीक म्हणतो, कारण त्या शब्दाने आपलीही सुटका होते. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील भटकी कुत्री आश्रयस्थानी हलविण्याचा 11 तारखेचा आदेश 22 तारखेस सौम्य केला. पिसाळलेली वा आक्रमक सोडून इतर कुत्री नसबंदी व लसीकरण करून त्यांच्या ठिकाणी परत सोडावी, असे ठरले. त्या वेळी घरोघरी वाद झाले. कुत्र्यांवर प्रेम करणारे आणि त्यांस भिणारे दोघेही पूर्ण वाढलेल्या कुत्र्याविषयी बोलत होते. त्या कुत्र्यास पहिल्या बारा आठवड्यांत भाकरीचा हात भेटला होता की दगडाचा, हे कोणी विचारीत नव्हते. आणि त्याचे उत्तर तर गल्लीच देऊ शकते.

खोली आणि रस्ता ह्यांच्यामधली एक रीत आपल्या शिवारात पूर्वीपासून आहे. मेंढपाळ धनगर रात्री शेतात मेंढरे बसवितात व भोवती वाघर लावतात. त्यांचे पिल्लू त्या जाळीपाशीच वाढते. मेंढरांच्या वासात, पोरांच्या पायांत, चुलीच्या धुरात. अमेरिकेत रेमंड व लोर्ना कॉपिंजर ह्यांनी राखणीच्या कुत्र्यांवर जे काम केले त्याचाही रोख असाच आहे की, पिल्लू पहिले चार महिने ज्यांच्यात वाढते त्यांनाच ते पुढे राखते. मुक्काम हलला की घोड्याच्या पाठीवरील बिऱ्हाडात कोकरे, कोंबड्या आणि कधी पिल्लेही बसून जातात. वाट सपाट लागली की पिल्लू खाली सोडतात. ते थोडे चालते, मागे पडते, पळत येऊन गाठते, आणि दमले की पुन्हा वर उचलले जाते. केव्हा उतरवावे आणि केव्हा उचलावे हे त्या धनगरणीस कोणी शिकविलेले नसते. ती दिवसभर त्याच्याबरोबरच चालत असते.