रोज एकदा कान उचलून

कॉकर स्पॅनियलचं पिल्लू बघायला गेलेला माणूस आधी त्याच्या डोळ्यांवर भाळतो आणि मग कानांवर. धावताना मागे उडणारे, खाताना वाटीत बुडणारे ते कान पाहिले की निम्मा सौदा तिथेच होतो. पिल्लू देणारा लसीचं कार्ड हातात ठेवतो, जंताचं औषध कधी द्यायचं ते सांगतो, खाणं एकदम बदलू नका म्हणतो. कानांबद्दल त्याच्याकडे कौतुकापलीकडे काही नसतं. त्यामुळे त्या कानांची खरी ओळख पुढे पहिल्या पावसाळ्यात होते, आणि ती नाकाने होते.

मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचा रुमालसुद्धा धड वाळत नाही. मग केसाळ, जाड कानाखाली दिवसरात्र झाकलेली जागा कशी वाळणार? घरात कुठूनतरी आंबूस, कुबट वास येऊ लागतो. कुणीतरी नाक मुरडून म्हणतं, कुत्र्याचा वास येतोय, आंघोळ घाला त्याला. आंघोळ होते, पाणी कानात जातं, वास शाम्पूखाली थोडा दबतो आणि पुन्हा वर येतो, आधीपेक्षा जोरात. मग पावडर, मग सुवासिक स्प्रे. या सगळ्या धडपडीत मला खटकतं ते एवढंच, की वास नेमका कुठून येतोय हे कान उचलून कुणी बघितलेलंच नसतं.

कान उचलून आत नाक न्यायचं हे ऐकायला किळसवाणं वाटेल. पण लांब कानाची कुत्री ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली, त्यांच्या ते अंगवळणी पडलेलं असतं. कुरवाळता कुरवाळता कान उलटतात, एक श्वास घेतात आणि सोडून देतात. निरोगी कानाला वास जवळजवळ नसतो. असलाच तर हलकासा मेणचट. आतली कातडी फिकट गुलाबी, थोडासा पिवळसर मळ, कुत्रं निवांत. इडलीचं पीठ जास्त आंबल्यावर झाकण काढताना येतो तसा वास आला आणि सोबत तपकिरी, चिकट मळ दिसला, तर बहुधा मालासेझिया नावाचं यीस्ट माजलेलं असतं. हे यीस्ट कुठून लागलं म्हणून शेजारच्या कुत्र्याला दोष देण्यात अर्थ नाही. एरवीही ते कुत्र्यांच्या कातडीवर मुकाट नांदत असतं, ओल, ऊब आणि तेलकटपणा मिळाला की फोफावतं. वास सडका असेल, हिरवट-पिवळा पू दिसत असेल आणि हात लावताच कुत्रं कळवळत असेल, तर जिवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी. काळपट, कोरडा, दाणेदार चुरा दिसला तर कानातल्या बारीक किड्यांची शंका घ्यावी. आणि गावाकडे, घडीत घट्ट बसलेली गोचीड तर आहेच. नाक आणि डोळे एवढं सांगतात. त्यावर अत्तर शिंपडणं म्हणजे आलेलं पत्र न वाचताच फाडून टाकणं.

असे लोंबते कान कुत्र्याला निसर्गाने दिलेले नाहीत. जंगलातल्या प्राण्यांत हत्ती सोडला तर ते क्वचितच दिसतात. चार्ल्स डार्विनच्या नजरेत हे भरलं होतं. १८५९ सालच्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात तो लिहितो की लोंबते कान कुठल्या ना कुठल्या देशात आढळत नाहीत असा एकही पाळीव प्राणी सांगता यायचा नाही. धोक्याची चाहूल घ्यायची गरज उरली नाही म्हणून कानाचे स्नायू वापराविना ढिले पडले असावेत, हे कुणीतरी सुचवलेलं कारण त्याला पटण्यासारखं वाटलं. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ साली, सैबेरियातल्या नोवोसिबिर्स्कला दिमित्री बेल्याएव यांनी फर-फार्मवरच्या कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. निवडीचा निकष एकच, माणसाला न घाबरणं. कानांकडे कुणी बघत नव्हतं, तरी पुढच्या पिढ्यांत काही कोल्ह्यांचे कान लोंबते निघाले. २०१४ साली तीन शास्त्रज्ञांनी याचा एक धागा गर्भातल्या एका पेशीसमूहाशी जोडला: भीतीच्या वेळी अंगात उसळणारं रसायन बनवणारा ग्रंथीचा भाग, कातडीचा रंग आणि कानाची कूर्चा या तिन्हींचं मूळ त्या पेशींत आहे, तेव्हा भीती निवडून निवडून कमी केली की कूर्चाही मऊ पडत असावी. यावर वाद अजून चालू आहेत. पण पटो न पटो, या विचाराने मन थोडं हलतं खरं. आपल्यापुढे जो प्राणी निर्धास्त झाला, त्याचेच कान आपण कोंदट करून ठेवले.

तरी बॅसेट हाउंडच्या जमिनीला टेकणाऱ्या कानांचं खापर निर्धास्तपणावर फोडता येणार नाही. ती लांबी माणसाने हौसेने, पिढ्यानुपिढ्या जोड्या लावून वाढवलेली आहे. त्याचा हिशेबही कुणीतरी मांडला आहे. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२१ साली ब्रिटनमधल्या २२ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून निष्कर्ष काढले. त्यातल्या ७.३ टक्के कुत्र्यांना एका वर्षात कानाच्या नळीचा दाह झाला होता. उभ्या कानांच्या तुलनेत लोंबत्या कानांना त्याचा धोका पावणेदोन पट, आणि बॅसेट हाउंडला संकरित कुत्र्यांच्या जवळजवळ सहापट. गंमत म्हणजे याच यादीत शार पेईसुद्धा वरच आहे, आणि त्याचे कान तर इवलेसे असतात. तेव्हा लांबी हे सगळंच कारण नव्हे. नळी किती अरुंद, ग्रंथी किती, कातडी कशी, हेही त्यात येतं. कॉकर या सगळ्यातच कमनशिबी. आपल्याकडच्या गल्लीतल्या गावठी कुत्र्याचे अर्धवट मोडलेले कान कुणाला देखणे वाटत नाहीत, पण त्यात वारा खेळतो.

आता सफाई. ती करण्याआधी आतली रचना डोळ्यांसमोर हवी. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी आखूड नसते. ती आधी खाली उतरते, मग जवळजवळ काटकोनात आत वळते आणि त्या वळणापलीकडे पडदा असतो. म्हणून कानकाडी घालणं हा शुद्ध अविचार. मळ बाहेर यायच्या ऐवजी वळणापर्यंत ढकलला जातो आणि तिथेच घट्ट बसतो. सशक्त कान स्वतःची सफाई स्वतः करतो. पडद्यापासून कातडीच्या पेशी हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असतात आणि मळ सोबत घेऊन येतात. माणसाने फक्त दारापर्यंत आलेलं उचलायचं.

आमच्याकडे लाडूचं, म्हणजे आमच्या कुत्र्याचं, हे काम बाल्कनीत होतं. का, ते लवकरच कळतं. इअर क्लीनरची बाटली आधी हातात धरून थोडी कोमट करायची, गार औषध कानात पडलं की कुठलंही कुत्रं पुढच्या वेळी पलंगाखाली जाऊन बसतं. कान वर धरून नळी भरेल इतकं द्रव ओतायचं, बाटलीचं टोक कातडीला न टेकवता. मग कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, दोन बोटांनी चोळायचं. आतून पचपच आवाज येतो. इथे लाडू डोळे मिटतो, मान हाताच्या दिशेने टाकतो आणि मागचा पाय हवेत आपोआप हलू लागतो. हा सगळ्या कामातला एकमेव भाग त्याला मनापासून आवडतो. मग हात सोडला की तो डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडतो, कान फटफट आपटतात आणि आतला मळ, औषध, केस असं सगळं भिंतीवर, चपलांवर, वाळत घातलेल्या टॉवेलवर. हे झाडणं हीच खरी सफाई, ते थोपवायचं नाही. मग बोटाला कापसाचा बोळा गुंडाळून, बोट जाईल तिथवरच पुसायचं. बोळा तपकिरी निघतो, दुसरा फिका, तिसरा जवळजवळ पांढरा, तिथे थांबायचं. शेवटी खाऊचा तुकडा द्यायचाच.

आमच्या आईला हा सगळा थाट जादा वाटतो. "कोमट खोबरेल घाल रे दोन थेंब, मऊ होईल सगळं," ती म्हणते. लहानपणी आमच्या कानांत लसणीचं तेल घालणारा तिचाच हात, त्यामुळे वाद घालायला जीभ रेटत नाही. पण तेल इथे उलटतं. ते नळीत साचून राहतं आणि त्या यीस्टला स्निग्ध पदार्थ मानवतात. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, दोन्हींनी आधीच चिडलेली कातडी सोलवटते. आणि पडदा फाटलेला असेल तर बाटलीतलं भलतं औषध आत जाऊन कुत्रं बहिरं होऊ शकतं. म्हणून दुखऱ्या, वास येणाऱ्या कानात, डॉक्टरांनी ऑटोस्कोपने पडदा बघेपर्यंत, घरचं काहीच घालू नये.

उत्साही माणसांची मला जास्त धास्ती वाटते, आळशी माणसांपेक्षा. आळशी माणूस उशिरा का होईना, डॉक्टरांकडे जातो. उत्साही माणूस रोज औषध ओततो, रोज पुसतो, आतले केस चिमट्याने उपटतो, आणि बऱ्या कानाला ओल आणि ओरखडे देऊन आजारी करतो. बघणं रोज हवं; धुणं मात्र गरजेपुरतं, कुणाला पंधरवड्याने, कुणाला पोहून आल्यावर, कुणाला महिनोन्‌महिने नाहीच. बाकीची निगा अगदी साधी आहे. पाण्यासाठी खोल, अरुंद तोंडाचं भांडं घेतलं की कान बाहेर राहतात. जेवताना जुन्या मोज्याचा पुढचा भाग कापून डोक्यावरून ओढला की कान आमटीत जात नाहीत, आणि दिसतंही मोठं विनोदी. आंघोळीनंतर कानाची आतली बाजू कोरड्या फडक्याने टिपायची. कानाखालचे केस ग्रूमरकडून बारीक करून घ्यायचे. वारा आत जायला एवढं पुरतं.

एवढं करूनही काही कुत्र्यांचे कान पुन्हा पुन्हा बिघडतात आणि घरची माणसं खट्टू होतात, आपलंच काही चुकतंय असं त्यांना वाटतं. बहुतेकदा गोम कानात नसते. खाण्यातला एखादा पदार्थ किंवा घरातली धूळ कुत्र्याला सोसत नाही. तेच कुत्रं पंजे चाटत असतं, काखेत खाजवत असतं, आणि आपण कान तेवढे धूत बसतो. डोकं सतत झाडून कानाच्या पाळीतली रक्तवाहिनी फुटते, पाळी रक्ताने टम्म फुगते, तेव्हा धावपळ होते. ॲलर्जीचा माग काढायला महिने लागतात आणि डॉक्टर कानाच्या तक्रारीवर जेवणाबद्दल विचारू लागले की लोकांना ते विषय बदलतायत असं वाटतं. ते विषयावरच आलेले असतात.

आणि एक. डॉक्टरांची वेळ ठरली की आपल्याकडे पाहुणे येणार असल्यासारखी कुत्र्याला आंघोळ घालतात, कान चकचकीत पुसतात, वर स्प्रे. दवाखान्यात डॉक्टर स्वॅब फिरवतात, काचेवर घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, आणि तिथे धड काहीच सापडत नाही. यीस्ट की जिवाणू हे ठरवायला जो मळ हवा होता, तो सकाळी कापसाबरोबर केराच्या डब्यात गेलेला असतो. त्या दिवशी कुत्र्याला आहे तसंच न्यावं, वासासकट. रिक्षावाला कुरकुरला तर कडेला बसवावं.