मारिया राणीचे भय

(वाचावयाचा शास्त्रभाग : लूक १३:१–५, १ योहान ४:१६–१९)



खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत रोमन कॅथॉलिक लोकांचा विषय निघाला, की कोणी तरी वडीलधारा मनुष्य इंग्लंडच्या मेरी राणीची गोष्ट हटकून काढतो. तिने १५५३ पासून १५५८ पर्यंत राज्य केले आणि तेवढ्या अवधीत सुमारे २८० प्रॉटेस्टंट स्त्रीपुरुषांस जिवंत जाळण्यात आले. लॅटिमर, रिडली व क्रॅन्मर ही नावे आपल्या उपदेशकांस पाठ आहेत. ही गोष्ट खरी आहे व ती सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. परंतु ती ऐकताना आपल्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, त्याची मला धास्ती वाटते. ज्या वर्षी मेरी गादीवर बसली, त्याच वर्षी प्रॉटेस्टंट जिनीव्हा नगरात सर्व्हेटस नामक मनुष्याला त्याच्या मतांसाठी जाळले, हे आपण क्वचितच सांगतो.

आज मी त्या दूरच्या मेरीविषयी लिहीत नाही. त्याच नावाची दुसरी एक राणी आपल्या अंगणाच्या कडेलाच राज्य करीत होती. पोर्तुगालची पहिली मारिया ही १७७७ साली गादीवर आली आणि गोव्याची धनीण झाली. आपल्या पुणे दरबाराचा व तिच्या सरकारचा व्यवहार असे. नगर हवेलीची गावे पेशव्यांकडून पोर्तुगीजांकडे गेली ती ह्याच राणीच्या काळात. डिचोली, सत्तरी व पेडणे हे महालही तिच्याच कारकीर्दीत गोव्याला जोडले गेले. त्या नव्या मुलखातील हिंदू रयतेच्या धर्मास हात लावणार नाही असे वचन सरकारने दिले होते, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे.

तिच्या नावाला जो काळिमा लागला तो दोन गोष्टींमुळे. गोव्यातील इन्क्विझिशन, म्हणजे लोकांच्या श्रद्धेची झडती घेणारी चर्चची कचेरी, १५६० साली स्थापन झाली होती. ज्या भूमीत फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण छापले, त्याच भूमीत ह्या कचेरीने १७३६ च्या हुकुमाने नव्या ख्रिस्ती लोकांच्या दारची तुळसदेखील गुन्ह्यात धरली. राणीच्या बापाच्या कारकीर्दीत, त्याचा दिवाण पोंबाल ह्याने १७७४ साली ती कचेरी मोडून टाकली होती. मारियाने पोंबालास दूर केले, त्याने कोंडलेल्या कैद्यांस मोकळे केले, आणि १७७८ साली ती कचेरी पुन्हा उघडली. एकाच हाताने तिने एक तुरुंग उघडला व दुसरा भरू दिला! पुढे ती कचेरी पूर्वीपेक्षा सौम्य होती खरी, पण ती कायमची बंद होण्यास १८१२ साल उजाडावे लागले.

दुसरी गोष्ट १७८७ सालची. पोंबालच्या कायद्याने गोव्याच्या ख्रिस्ती लोकांस पोर्तुगालात जन्मलेल्यांच्या बरोबरीचा हक्क कागदावर मिळाला होता. व्यवहारात मोठ्या जागा गोऱ्यांसच मिळत. कुतो व गोन्साल्विस ह्या दोन विद्वान गोमंतकीय धर्मगुरूंनी लिस्बनपर्यंत जाऊन पाहिले. त्यांना रिकाम्या हातांनी परतावे लागले. (आपल्या मिशनांच्या जुन्या इतिहासात देशी पाळकांच्या पगाराचे व अधिकाराचे जे वाद झाले, ते ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ह्या दुःखाची ओळख पटेल.) मग कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या आश्रयाने सरकार उलथून टाकण्याचा बेत झाला. तो फुटला. ४७ माणसे पकडली गेली. त्यांत १७ धर्मगुरू होते. १७८८ च्या डिसेंबरात पंधरा जणांस पणजीत क्रूर रीतीने देहांत शिक्षा झाली. धर्मगुरूंस जहाजात घालून लिस्बनला नेले आणि तेथील किल्ल्यात वर्षानुवर्षे डांबून ठेवले.

राणीने पणजी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. लिस्बनहून गोव्यास पत्र पोहोचावयास कित्येक महिने लागत. दोर आवळणारा हात तिचा नव्हता. पण ज्या कागदावरून तो आवळला, त्या कागदाच्या शिरावर तिचे नाव होते. बंधूंनो, कोणाच्या नावाने काय होते ह्याचा जाब त्या नावाच्या धन्याला द्यावा लागतो. आणि आपण तर प्रत्येक प्रार्थनेच्या अखेरीस राणीपेक्षा थोर असे एक नाव उच्चारतो, आणि त्याच नावाने मंडळीचे निर्णय वाचून दाखवितो.

येथे मला माझीच गोष्ट सांगितली पाहिजे. मी नुकताच सेमिनरीतून बाहेर पडलो होतो आणि एका लहान मंडळीत नेमला गेलो होतो. तेथील एका बांधवाचा मुलगा तापाने फणफणला. दवाखाना लांब होता, रात्र होती. त्याने मुलास देवऋष्याकडे नेले आणि त्याच्या गळ्यात ताईत बांधला. मुलगा वाचला. पंच बसले, आणि त्या मनुष्यास प्रभुभोजनातून वगळावे असे ठरले. तो ठराव प्रभू येशूच्या नावाने मी मोठ्या आवाजात वाचला. शिस्त हवी, ह्यात मला आजही शंका नाही. पण ठराव वाचण्यापूर्वी मी त्याच्या घरी गेलो नव्हतो, आणि वाचल्यावरही गेलो नाही. तीन रविवार तो मंदिराबाहेर लिंबाखाली बसून गीते ऐकत असे. चौथ्या रविवारी तो आला नाही. ऊसतोडणीच्या टोळीबरोबर तो निघून गेला होता. त्याने जे केले ते भयाने केले हे मला समजत होते. मी जे केले तेही भयानेच केले, पंच काय म्हणतील, वरचे काय म्हणतील ह्या भयाने. हे कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली.

आता राणीकडे पुन्हा वळू, कारण तिची खरी कहाणी राजवाड्याच्या आत आहे. आपल्याला पुत्र झाला तर देवाला मंदिर बांधीन, असा नवस तिने केला होता. नवस म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगावयास नको. ख्रिस्ती होऊनही कित्येक घरांतून तो अजून गेलेला नाही, केवळ त्याचे नाव बदलले आहे. पुत्र झाला, त्याचे नाव जोजे. १७७९ साली लिस्बनमध्ये एस्त्रेलाचे भव्य मंदिर बांधावयास घेतले. ते पुरे झाले १७९० मध्ये. जोजे तर १७८८ च्या सप्टेंबरातच देवीच्या रोगाने मरण पावला होता. धर्मभीरूपणामुळे राणीने त्याला टोचू दिले नाही, असे सांगतात. दोन वर्षांपूर्वी पती गेला होता. मुलामागून दोन महिन्यांच्या आत मुलगी त्याच रोगाने गेली, आणि त्याच नोव्हेंबरात तिच्या आत्म्याचा सांभाळ करणारा वृद्ध धर्मगुरूही गेला. तेच वर्ष, ज्याच्या अखेरीस पणजीत फासाचे खांब उभे राहिले.

ह्यानंतर तिचे मन ढळले. आपला बाप नरकात आहे आणि आपणही तेथेच जाणार, असा ध्यास तिने घेतला. जळून कोळसा झालेला बाप तिला डोळ्यांपुढे दिसे, असे तत्कालीन लोकांनी लिहून ठेवले आहे. बापाच्या राज्यात झालेल्या फाशा तिला विसरता आल्या नाहीत. १७९२ साली राज्यकारभार मुलाच्या हाती गेला. त्याच साली आपल्या पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांनी फौजेतील कॅथॉलिक शिपायांच्या उपासनेसाठी जागा दिली, आणि तेथे उभे राहिलेले मंदिर आजही क्वार्टर गेटजवळ आहे. एका हिंदू राजाच्या औदार्याने गोव्याचे शिपाई येथे निर्भयपणे प्रार्थना करू लागले, आणि त्यांची ख्रिस्ती राणी तिकडे सोन्याच्या छताखाली भयाने किंचाळत होती!

कोणी म्हणेल, हा देवाचा दंडच होय. छळ केला त्याचे फळ मिळाले. मी तसे म्हणण्यास धजत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे आपल्या प्रभूने विचारले आणि ऐकणाऱ्यांचे बोट त्यांच्याच छातीकडे वळविले. शिवाय ज्या इंग्रज वैद्याला, डॉक्टर विलिसला, मारियासाठी लिस्बनला बोलाविले, त्याने त्यापूर्वी इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जवर ह्याच तऱ्हेच्या दुखण्यासाठी उपचार केले होते. जॉर्ज तर प्रॉटेस्टंट होता! दुखणे पंथ पाहून येत नाही.

मला तिच्याविषयी जे वाटते ते निराळे. तिच्याजवळ मंदिर होते, माळ होती, नवस फेडल्याची पावती होती, मुखी प्रभूचे नाव होते. एवढे असून ती देवासमोर गुन्हेगार म्हणूनच उभी राहिली, मूल म्हणून नव्हे. पूर्ण प्रीती व भय ही दोन्ही एका घरात नांदत नाहीत, असा योहानाचा बोध आहे. ज्याला स्वतःची क्षमा झाली असे ठाऊक नाही, त्याच्या हाती दुसऱ्याच्या श्रद्धेची झडती घेणारी कचेरी दिली, तर तो काय करील? आपल्या मंडळ्यांत मृत्युशय्येवर पडलेली माणसे मी पाहिली आहेत. बाप्तिस्मा होऊन चाळीस वर्षे झालेली एक म्हातारी मला विचारीत होती, ‘पाळकबाबा, देव मला दाराशी तरी बसू देईल का?’ तिला आम्ही ह्या चाळीस वर्षांत काय शिकविले होते?

१८०७ साली नेपोलियनचे सैन्य आले तेव्हा ह्या राणीला जहाजात घालून ब्राझीलला नेले, आणि १८१६ साली रिओ नगरात ती वारली.

उपदेशक बंधूंनो, वैशाखाच्या सुमारास तोडणीच्या टोळ्या गावोगाव परततात. यंदा त्या दिवसांत मी त्या जुन्या गावी जाणार आहे. तो बांधव हयात असल्यास त्याच्या दाराशी बसेन, आणि नसल्यास त्या मुलाला भेटेन. तो आता बाप्या मनुष्य झाला असेल. ताईत अजून त्याच्या गळ्यात आहे की नाही, हे मी आधी विचारणार नाही.